हरकत हाय

मराठी आईच्या पोटी जन्मून, मराठी शाळेत शिकून आणि मराठी माणसाशी मराठीतच भांडत संसार करून, मी एकदा भर दुपारी एक मराठी शब्द जपानी समजून ऐकला. शब्दही काही अवघड नव्हता. 'हाय.' म्हणजे आपलं 'आहे'. दिघी, भोसरी, चऱ्होलीच्या जुन्या घरांतून दिवसाला शंभरदा कानावर पडणारा. पण त्या एका 'हाय'पायी दिघीच्या एका मुलीचं जपानला जाणं बुडायची वेळ आली. आणि ती वेळ आणली मी, जिला दोन भाषा येतात म्हणून मुद्दाम नेमलेलं होतं.

या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली असतील. तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती, पण कुणी वय विचारलं की विषय बदलायची. केस काळेभोर होते. त्यात माझं काही कर्तृत्व नव्हतं, दर महिन्याच्या कलपाच्या डबीचं होतं. त्याआधी बरीच वर्षं मी भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांसाठी जपानी यंत्रांबरोबर येणाऱ्या सूचना मराठीत लिहून द्यायची. 'यंत्र चालू असताना आत हात घालू नये' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की आमच्याकडे हे मला त्यावरून चिडवायचे. कारण मी स्वतः जिथंतिथं हात घालणारी.

मग चिंचवडच्या एका संस्थेनं मला बोलावून घेतलं. ही संस्था दरवर्षी आपल्या पट्ट्यातल्या डिप्लोमाच्या दहा मुली निवडून बारा दिवसांसाठी जपानच्या एका लहान गावात पाठवायची. तिथले कारखाने बघायचे, तिथल्या शाळेत बसायचं, तिथल्या लोकांच्या घरी राहायचं. माझं पद होतं 'दुभाषी सहलप्रमुख'. गळ्यात ओळखपत्र, हातात पिवळा झेंडा, आणि चालण्यात असा तोरा की भारत आणि जपानमधला समुद्र जणू मीच भराव टाकून बुजवलाय.

मुली निघायच्या आधी तिकडून एक शिक्षिका यायच्या. त्यांना आम्ही सेन्सेई म्हणायचो. जपानीत शिक्षकाला तसंच म्हणतात. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, हातात सतत एक छोटी वही. त्यांच्याकडे शिक्षकानं वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जायची पद्धत असते, आणि ती पद्धत त्या इथंही सोडायला तयार नव्हत्या. "ज्या घरातून मुलगी येते ते घर मी पाहिलेलं असलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आठ-दहा दिवस आम्ही दोघी रावेतपासून चाकणपर्यंत घरं पालथी घालायचो. चहा पिऊन पिऊन माझ्या पोटाचा कारखाना व्हायचा.

दिघीचं घर जुन्या गावठाणात होतं. खाली पार्किंगमध्ये दोन म्हशी, त्यांच्या शेजारी तीन दुचाक्या, वरच्या तीन मजल्यांवर भाडेकरू. मुलीचे आईवडील दोघंही चाकणच्या कंपन्यांत, वेगवेगळ्या पाळ्यांत. त्यांनी फॉर्मवर सह्या केल्या होत्या, पण शेजारी पेन्सिलनं लिहिलं होतं, 'आबांना विचारावे'. आबा म्हणजे मुलीचे आजोबा. घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

आबा बाजेवर बसले होते, टोपी नीट, पाय जमिनीला टेकलेले. मुलगी आणि तिची आजी आत चहाला गेल्या. मी सहलीची सगळी माहिती घडाघडा सांगितली. सेन्सेईंनी त्यांचा नेहमीचा शेवटचा प्रश्न विचारला, आणि मी तो मराठीत केला, "आबा, हिला पाठवायला घरात कुणाची काही हरकत नाही ना?"

आबा म्हणाले, "हाय."

आता जपानीत 'हाइ' म्हणजे 'हो'. सकाळपासून मी सेन्सेईंबरोबर जपानीतच बोलत होते. कान त्या रुळावर पडलेले. सेन्सेईंनी ते ऐकलं मात्र, कंबरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "हाइ!"

आबा जरा गडबडले. मग अधिक ठासून म्हणाले, "हाय की!"

"हाइ, हाइ!" सेन्सेई परत वाकल्या.

आबांनीही टोपी सावरून मान लववली. "हाय."

मी फॉर्मवर 'संमती' या चौकोनात बरोबरची खूण केली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण परतीच्या वाटेवर मी गाडीत सेन्सेईंना सांगितलं की बघा, दिघीच्या शेतकऱ्याचा आणि तुमचा होकार कसा एकच आहे, माणसं आतून सगळीकडे सारखीच असतात. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. आज ते आठवलं तरी मी चष्मा काढून तोंडावरून हात फिरवते.

शनिवारी दहा मुलींची यादी लागली. सोमवारी सकाळी दिघीच्या चौकात फ्लेक्स लागला. मधोमध मुलीचा मोठा फोटो, मागं विमान, चारी कोपऱ्यांत गुलाबी फुलं, 'जपान दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', आणि खाली तिथल्या एका भावी नगरसेवकाचा गॉगल लावलेला चेहरा. त्याच्याभोवती आणखी चौदा तरुणांचे चेहरे, शुभेच्छुक म्हणून. आबा दूध घालायला निघाले आणि आपली नात विमानाएवढी झालेली त्यांनी तिथं पाहिली.

मंगळवारी ते आमच्या ऑफिसात आले. दिघीहून चिंचवडला, बस बदलून.

"वळखलं का म्याडम?"

"आबा! या, या, बसा. अभिनंदन!"

"कशाचं?"

"अहो, नातीचं! तुम्ही पाठवताय म्हणून."

"मी कवा पाठवतोय?"

मी हसले. मला वाटलं, आबा गंमत करतायत. "तुम्हीच नाही का म्हणालात? सेन्सेई एवढ्या वाकून नमस्कार करत होत्या."

"त्येच इचारायला आलोय. मी तुमाला काय म्हणालो व्हतो?"

"तुम्ही हो म्हणालात."

"मी हाय म्हणालो."

"हां, तेच ना."

"त्येच कसं?" आबा पुढं सरकले. "तुमी काय इचारलं? हरकत न्हाई ना. मी काय म्हणालो? हाय. हरकत हाय. तीनदा म्हणालो. आन् त्या बाई वाकून मान देत व्हत्या, मला वाटलं, शानी मानसं हायती, म्हाताऱ्याचं ऐकून घेत्यात."

माझ्या हातातला पेन टेबलावरून घरंगळत जाऊन खाली पडला. तो उचलायला मी वाकले ते मुद्दाम वेळ लावून वर आले.

आता सांगते त्यात माझा मूर्खपणा दुप्पट आहे. अशा वेळी शहाण्या बाईनं काय विचारलं असतं? 'आबा, हरकत कशाची आहे?' मी काय केलं? भाषण. मुली आता कुठल्या कुठं गेल्यात, चाकणच्या कंपन्यांत किती मुली मोठमोठी यंत्रं चालवतात, तुमच्यासारख्या जुन्या जाणत्या माणसांनीच पुढं यायला हवं, वगैरे. पाचेक मिनिटं बोलले असेन. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"पोरीला शिकू नको म्हणलं का मी? डिप्लोमाला मीच घातली तिला," ते म्हणाले. "हरकत येगळी हाय. मला सांगता यायची न्हाई. तिची आजी सांगंल, सांगायची आसंल तर."

आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

शुक्रवारी अकरा वाजता व्हिसाचे कागद मुंबईला जायचे होते. दहा मुलींचे एकत्र. एकीचं नाव काढायचं तर आताच काढायला हवं, आणि ठेवायचं तर घरच्यांचा खरा होकार हवा. बरं, नाव काढलं तर चौकात तो फ्लेक्स. दिघीची सगळी येणारी-जाणारी त्या मुलीला विचारणार, काय गं, विमान चुकलं का? तीन दिवस. मला बसवेना, उभं राहवेना. ऑफिसात मी त्या दुपारी तीनदा कपाट लावलं. संध्याकाळी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि यांनी तोंड वाकडं केल्यावर उलट त्यांच्यावरच ओरडले.

सेन्सेईंना सांगायला हवं होतं. तोंड उघडेना. खरं कारण सांगू? मुलीची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी ही होती की बाईंच्या वहीत माझं ते वाक्य होतं. माणसं आतून सगळीकडे सारखीच असतात! आता ते कसं खोडायचं?

बुधवारी आम्ही चाकणला एका मुलीच्या घरी गेलो होतो. परतताना चौकाच्या अलीकडेच गाडी अडकली. पुढं कंटेनर, मागं कंटेनर, बाजूला नव्याकोऱ्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. "तासभर काय हलत नाय मॅडम."

तासभर! मी काच खाली केली, वर केली. पर्स उघडली, बंद केली. झेंड्याची काठी पायाशी आपटत राहिले. सेन्सेईंनी हळूच एक आल्याची गोळी पुढं केली. "पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मग घरी काही?"

"नाही."

"मग कालपासून तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे का बघता?"

मग मी सांगितलं. कंटेनरच्या मागच्या पाटीकडे बघत सगळं सांगितलं. 'हाय' म्हणजे काय, 'हाइ' म्हणजे काय, आबा तीनदा काय म्हणाले, मी काय ऐकलं. मला वाटलं, आता बाई संस्थेला कळवणार आणि माझा झेंडा काढून घेणार.

सेन्सेईंनी गोळीचा कागद घडी घालून वहीत ठेवला. मग त्यांनी एकच विचारलं, "त्यांची हरकत काय आहे?"

"विचारलं नाही."

"काल ते तुमच्यासमोर बसले होते?"

"हो."

"आणि तुम्ही विचारलं नाही."

त्यांनी वही उघडली, ते पान शोधलं, माझ्या वाक्यावर सरळ एक रेघ मारली आणि ड्रायव्हरला खूण केली, दिघी.

पोचायला दोन तास लागले. मुलगी कॉलेजात होती. आबा म्हशींपाशी होते. आम्हाला बघून त्यांनी आत बोट दाखवलं आणि वैरणीत तोंड खुपसल्यासारखे वाकले.

आजी स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. नऊवारी लुगडं, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. या वेळी मी सरळ विचारलं, "आजी, नातीला पाठवायला तुमची हरकत कशाची?"

"हरकत आसायला म्या कोण?" आजी म्हणाली. मग जरा वेळानं, "सुईची."

"कसली सुई?"

"साखरंची. सकाळची एक, सांजची एक, जेवायच्या आदी. पेनावानी आसतंय. मागली चकती फिरवायची, टिक टिक वाजती, आकडा लावायचा, टोचायची आन् दहा मोजूस्तवर धरायची. मला आकडा दिसत न्हाई, हात कापत्यात. पोरगी टोचती."

"मग बारा दिवसांपुरतं दवाखान्यातल्या कंपाउंडरला—"

"पोटावर टोचायची आसती म्याडम!" आजीनं लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "पोटावर म्हंजे लुगडं ढिलं करावं लागतंय. ते मी कंपाउंडरपुढं करू? का भाडेकरणीपुढं करू? पोरगी हाय तर झाकलेलं हाय."

"सूनबाई?"

"ती एक आठवडा पहाटंच्या पाळीला, एक आठवडा दुपारच्या. कंपनीची बस आली की निम्मी वेणी घालून पळती. तिचा काय भरवसा धरू?"

"मुलगा?"

"लेकानं आईचं पोट बगायचं? काय बोलता?"

सेन्सेईंनी माझ्या हाताला स्पर्श केला. "त्या इतकं बोलल्या आणि तुम्ही मला काहीच सांगितलं नाही."

मी म्हणाले, "त्यांना लाज वाटते."

"एवढंच?"

"साधारण एवढंच."

"साधारण नको," त्या म्हणाल्या. "सगळं सांगा."

मग मी सगळं सांगितलं. लुगडं, कंपाउंडर, भाडेकरीण, निम्मी वेणी. एकही शब्द सोडला नाही. सेन्सेई ऐकत होत्या आणि आजी माझ्या तोंडाकडे बघत होती, आपलं बोलणं परक्या भाषेत कसं दिसतं ते. मग सेन्सेईंनी विचारलं, आणि मी विचारलं, "आणि आबा?"

आजीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. हसत होती.

"ह्यांच्यापुढं? दिवसाउजेडी?"

"अहो आजी, पन्नास वर्षं झाली असतील लग्नाला!"

"झाली की. चार लेकरं झाली. पर उजेडात न्हाई."

हे जपानीत कसं सांगावं? मी आयुष्यभर यंत्रांच्या सूचना लिहिलेली बाई. कानाच्या पाळ्या तापल्या. पण 'सगळं सांगा' म्हटलं होतं, म्हणून सांगितलं. सेन्सेईंनी तोंडावर हात घेतला, अगदी आजीच्या पदरासारखा, आणि त्या इतक्या हसल्या की वही मांडीवरून खाली गेली.

"आन् दुसरं म्हंजे," आजीला आता जोर आला होता, "ह्यांना सुई बगून घेरी येती. बैलाच्या नाकात येसण घातली ह्या मानसानं, पर दवाखान्यात डाक्टरनं सुई काढली की हे निजलंच!"

"कोण म्हणतं?" खिडकीच्या बाहेरून आबांचा आवाज आला.

"म्या म्हणती! आयका तिकडनं चोरून!"

"एकदाच आली व्हती घेरी!"

"तीनदा!"

आबा दारात येऊन उभे राहिले. हाताला वैरणीचा कुटका चिकटलेला. सेन्सेई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं. मी ते मराठीत करताना शब्द चिमट्यानं उचलावेत तसे उचलले, 'नाही ना' कुठं येऊ दिलं नाही. "आबा, तुम्हाला सुई टोचायला शिकायचं असेल, तर किती दिवस लागतील?"

आबांनी आजीकडे पाहिलं. आजी लसणाकडे बघायला लागली.

"हिला चालणार आसंल तर शिकंन," ते म्हणाले.

दूर लष्कराच्या हद्दीत कसलासा बार झाला, म्हशी हलल्या. शेवटी आजीच म्हणाली, ताटलीतच बघत, "शुक्कारी सकाळी टोचून दावावं. मला लई कळ आली न्हाई आन् ह्यांना घेरी आली न्हाई, तर पोरगी जाईल. न्हाई जमलं तर न्हाई."

शुक्रवारीच अकरा वाजता कागद जाणार होते.

आम्ही निघालो तेव्हा मुलगी फाटकात भेटली, कॉलेजची सॅक पाठीवर. मला बघून पळतच आली. "मॅडम, मी वरच्या काकूंची मोठी बॅग आणली! चाकं आहेत तिला."

मी तिला सांगितलं. हे सांगणं मला सेन्सेईंना सांगण्यापेक्षा जड गेलं.

"म्हणजे आबा हो म्हणालेच नव्हते?"

"नाही. मी चुकीचं ऐकलं."

ती फाटकाची कडी वरखाली करत राहिली. "मला वाटलं, आबांनी सुईची काहीतरी सोय केली असंल. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि सोय झालेली नसती तर?" मग एकदम, "बॅग परत देऊ का?"

"शुक्रवारपर्यंत ठेव," मी म्हणाले.

गुरुवार. गुरुवार कसा गेला ते मला आजही नीट मांडता येत नाही. मी सांगवीला बहिणीकडे जाते म्हणून निघाले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. भाजी आणायला गेले आणि पिशवी दुकानात विसरले. दर तासाला त्या मुलीला फोन. एक फोन लागला तेव्हा ती कुजबुजत म्हणाली, "मॅडम, आबा वांग्यावर शिकतायत. रिकाम्या पेनानं."

"जमतंय का?"

"वांग्याला जमतंय. पण टोचताना डोळे मिटतात."

"मिटू देऊ नकोस!"

"तुम्ही सांगा ना त्यांना."

मी सांगणार! मी, जिनं त्यांचं एक अक्षर धड ऐकलं नव्हतं. मी फोन ठेवला आणि बाल्कनीतल्या कुंड्या या टोकाहून त्या टोकाला नेल्या. मग परत आणल्या.

शुक्रवारी सकाळी आठला आम्ही दोघी दिघीच्या घराच्या ओट्यावर बसलो होतो. आतल्या खोलीचं दार बंद. आत आबा, आजी आणि मुलगी. माझ्या मांडीवर कागदांचं पाकीट, नऊ मुलींचे पूर्ण, दहाव्या मुलीचा फॉर्म वर. ओट्यावरून चौकातला फ्लेक्स सरळ दिसायचा. सेन्सेईंनी विचारलं, "खाली हे चौदाजण कोण? हिचे शिक्षक?"

"नाही. शुभेच्छुक."

"हिला ओळखतात?"

"आता ओळखतात."

तेवढ्यात आतून आवाज यायला लागले.

"डोळं उघडा!"

"उघडलेत!"

"मंग सुई तिकडं कुटं? भित्तीला टोचता का?"

"तू हलू नगं."

"म्या कशाला हलू? तुमचा हात हलतोय."

"आबा, चकती फिरवा. आकडा मी बघते," हा मुलीचा आवाज. मग टिक, टिक, टिक. दाराबाहेर मीही मोजत होते, सेन्सेई जपानीत मोजत होत्या. चौदाला टिक थांबली.

मग काहीच ऐकू येईना. मी उठून उभी राहिले. सेन्सेईंनी माझा पदर धरून खाली बसवलं. मी परत उठले. आतून काही पडल्याचा आवाज येतो का म्हणून कान दाराला लावणार, तोच आबांचा आवाज आला, भरभर, "एकदोनतीनचारपाचसहा—"

"सावकास मोजा! शाळंत गेला व्हता का न्हाई?"

"सात... आट... नऊ... धा."

"झालं?"

"झालं."

दार उघडलं आणि आबा बाहेर आले. टोपी हातात, कपाळावर घामाचे थेंब. बाजेवर धपकन बसले.

"आबा, घेरी?" मी विचारलं.

"आली व्हती," ते म्हणाले. "म्हणलं आत्ता न्हाई, मागनं ये."

मागून मुलगी आली. तिच्या चेहऱ्याकडे बघून काही कळेना. रडत होती की हसत होती, दोन्ही असावं. आजी दारात आली, लुगडं सारखं केलेलं, चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो.

"कळ आली," आजी म्हणाली. "पर जरा. चालतंय."

या खेपेला मी खूण केली नाही. पेन आजीच्या हातात दिला. तिनं त्या चौकोनात, दिसत नव्हतं तरी मुलीनं बोट धरून दाखवलं तिथं, एक वाकडी रेघ ओढली आणि आबांना म्हणाली, "तुमी बी ओढा." आबांनी तिच्यावर दुसरी ओढली. वाटेत भोसरीला गाडी अडकली आणि कागद सव्वाअकराला गेले. पाव तास उशीर झाला म्हणून संस्थेत मला ऐकून घ्यावं लागलं. मी घेतलं.

पाच आठवड्यांनी आम्ही निघालो. तोवर आबांचा हात बसला होता, पण नातीचा जीव बसला नव्हता. जपानमध्ये घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढं असतं. आपल्याकडे आजीच्या सकाळच्या सुईची वेळ झाली की तिकडे आम्ही कुठल्या तरी कारखान्यात, डोक्यावर हेल्मेट घालून रांगेत. ती रांगेतून माझ्याकडे बघायची, मी झेंडा खाली करायची, ती बाजूला जाऊन फोन लावायची. सेन्सेईंनी आधीच सगळ्या कारखान्यांना सांगून ठेवलं होतं की एक मुलगी त्या वेळी पाच मिनिटं बाहेर जाईल, तिला कारण विचारू नये.

चौथ्या दिवशी फोन कुणी उचलेना. एकदा, दोनदा, पाचदा. ती यंत्राकडे बघेना, पाण्याला हात लावेना. मी तिला धीर देत होते आणि स्वतः ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. सहाव्यांदा आबांनी उचलला.

"आबा! किती वेळ!"

"आगं, हात आडकला व्हता माझा."

"सुई?"

"ती कवाच झाली. च्या करतोय तुझ्या आज्जीला. तिला आता सुईमागनं लगीच नाष्टा लागतो, वर माझ्या हातचाच लागतो. ठेव, दूध उतू चाललं."

तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू आपल्या जागेवर परत आल्यावर तिथं कुणी दुसरंच बसलेलं दिसलं. मग वळून रांगेत गेली, आणि त्या दिवसापासून दिवसातून दोनदाचा फोन एकदाच करायला लागली. कारखान्यातल्या माणसाला तिनं त्या दुपारी अकरा प्रश्न विचारले. सगळे मलाच जपानीत करावे लागले. माझा घसा बसला.

परत आल्यावर आठवड्यानं मी फोटो द्यायला दिघीला गेले. चौकातला फ्लेक्स उतरून तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागला होता. मुलगी कॉलेजात होती, आबा दूध घालायला गेले होते. आजीनं फोटो चष्म्याच्या अगदी जवळ धरून एकेक पाहिले. मी म्हणाले, "आजी, आता नात आली, तुमची सुई परत तिच्याकडे." आजीनं फोटो खाली ठेवले, दाराकडे एकदा बघून घेतलं, आणि माझ्या जवळ सरकून हळू आवाजात म्हणाली, "न्हाई वो म्याडम. तिला तुमी आनखी कुटं न्यायची आसंल तर खुशाल न्या. सुई आता ह्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या. दिवसातनं दोनदा, धा मोजूस्तवर का व्हईना, हे माझ्याकडं बगत्यात."